लागला का गं?

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि माझी वरची बिजागरी एक सूत वाकडी आहे. सुताराच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा चुकीमुळे मी जन्मापासून करकरत आलो.

मला ज्याने घडवले तो या घरचाच सुतार. पाडलेल्या एका शाळेच्या जाड फळ्या त्याने आणल्या, रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि जिन्याच्या माथ्यावर बसवले. खाली त्याचे कामाचे दालन, वर राहत्या खोल्या, मध्ये नऊ पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांचा राखणदार मी. पहिल्याच दिवशी मी असा काही करकरलो की खाली आलेले गिऱ्हाईक हसून म्हणाले, "काय हो, सुताराच्याच घरचा दरवाजा बोंब मारतो?" सुतार ओशाळला. तेलाची कुपी घेऊन तो वर आला, तर त्याच्या वडिलांनी त्याला अडवले.

"राहू दे रे," ते म्हणाले. "तो ओरडतो म्हणून तर मला कळतं कोण आलं ते."

या आजोबांना दिसत नसे. तीस वर्षे त्यांनी बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली होती. नोकरी सुटली आणि पाठोपाठ नजरही गेली. पण मी उघडलो की ते बसल्या जागेवरून सांगत. जोरात करकरलो तर मुलगा, अर्धवट करकरून थांबलो तर दोन्ही हात भरलेली सून. बसमध्ये दांड्याला पाठ टेकून तिकिटे फाडायची सवय त्यांना अजून होती. रोज दुपारी ते मला पाठ टेकून उभे राहत आणि खालच्या करवतीचा आवाज ऐकत. मग माझ्या फळीवर बोटाने दोनदा टकटक करत. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. "चला," असे स्वतःलाच म्हणून ते खुर्चीकडे वळत. खोटे कशाला सांगू, त्या टेकलेल्या पाठीचा मला फार अभिमान होता.

मग या घरात नात आली. तिला सगळे कापशी म्हणत, कारण तिच्या कानांत कायम कापसाचे बोळे असत. ताटावर वाटी आपटली की ती थरथरे. खुर्ची सरकली की कान झाकून कोपऱ्यात बसे. शेजारपाजारचे म्हणत, पोरीचे भारी लाड चाललेत. शेवटी आईने तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर आई जिन्यातच सुताराला म्हणाली, "हट्ट नाही हो तिचा. डॉक्टर म्हणाले, आपल्याला आवाज ऐकू येतो, हिला तो लागतो."

तो शब्द घरात राहायलाच आला. भांडे पडले की आई धावत विचारी, "लागला का गं?" रस्त्यावर भोंगा वाजला की सुतार खालून विचारी, "लागला का?" आणि कापशी मान हलवून सांगे, लागला किंवा नाही लागला.

आई गाद्या-सोफे शिवण्याच्या दुकानात कामाला होती. नवरा-बायको दोघेही हातांचे कसबी, त्यामुळे दोघांनी घर मऊ करायचा चंगच बांधला. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवले. खिडक्यांना जाड, दुहेरी पडदे लागले. भिंतीवरचे घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात गेले. आईने सगळ्यांसाठी कापडी तळव्यांच्या चपला शिवल्या. चौकटीला रबराची पट्टी बसली, म्हणजे मला कोणी आपटले तरी आवाज होऊ नये. कापशी हसू लागली, पोटभर जेवू लागली. त्या हसण्याचा आनंद मलाही झाला, हे मी मुद्दाम सांगतो.

उरलो होतो फक्त मी. मी करकरलो की तिचे दात शिवशिवत. सुतार तेलाची कुपी घेऊन उभा होता, पण त्याचा हात पुढे होईना. तेव्हा आजोबाच म्हणाले, "घाल तेल. पोरीला लागतं."

तेल आत उतरले आणि मी मुका झालो.

त्यानंतरचे घर तुम्ही पाहायला हवे होते. माणसे यायची, जायची, पण पावलांचा मागमूस नाही. आजोबा खुर्चीत बसून मान इकडे-तिकडे फिरवत. कोणी खांद्याला हात लावला की केवढ्याने दचकत. एकदा ते हळूच सुनेला म्हणाले, "कोणाची चाहूलच लागत नाही गं. घरात माणसं आहेत की भुतं?" तिने ती थट्टा समजली. आजोबाही हसले, पण त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला मी पाहिला होता.

आता मला पाठ टेकण्याआधी त्यांना विचारावे लागे. ते म्हणत, "लागलाय का रे दरवाजा?" कोणीतरी हो म्हणे, मग ते टेकत.

त्या दुपारी कापशीने मला सताड उघडले. तिला खाली बाबांकडे जायचे होते. तेवढ्यात समोरच्या दुकानाचे शटर धाडकन खाली आले. ती कान दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजोबा नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. ती जवळच आहे हे त्यांना तिच्या हुंदक्यावरून कळले.

"लागला का गं?" त्यांनी विचारले.

"हो आजोबा," ती म्हणाली. "चांगलाच लागला."

त्यांनी हाताने चाचपूनही पाहिले नाही. नातीच्या शब्दावर विश्वास ठेवून ते वळले आणि पाठ टेकली.

मित्रांनो, मी तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडू पाहिले. बिजागरीत तेल होते. नऊ पायऱ्यांचा आवाज मात्र झाला आणि तो घरात सगळ्यांना लागला.

आजोबा वाचले. पण खुब्याचे हाड मोडले होते, ते पुन्हा उभे राहिले नाहीत. "तोल गेला," एवढेच त्यांनी मुलाला सांगितले. खरे काय घडले ते तिघांनाच ठाऊक होते. त्यांतला एक मुका होता. दुसऱ्याने सांगायचे नाही असे ठरवले होते. तिसरी आठ वर्षांची होती.

त्यांची खाट माझ्यासमोरच टाकली. दिवसभर ते विचारत, "कोण?" कधी कोणी असे, बहुतेकदा कोणीच नसे. हळूहळू ते रिकाम्या खोलीशी बोलू लागले. वारलेल्या आजींना ते म्हणत, "आलीस का? बस. या घरात हल्ली सगळे तुझ्यासारखेच येतात." मी त्यांच्या समोर होतो. खोलीत कोणी नव्हते. तरी ते बोलू लागले की माझी नजर खाटेजवळच्या रिकाम्या स्टुलावर जाई आणि तिथून हलत नसे.

एकदा कापशी माझ्या मागे उभी राहून हे ऐकत होती. तिने कानांतले बोळे काढले आणि सगळे ऐकले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज स्टुलावर चढून साबणाच्या पाण्याने माझी बिजागरी पुसू लागली. तेल गेले. मग एका दुपारी तिने मला अगदी हळू, बोटाबोटाने उघडले. मी कण्हल्यासारखा करकरलो. तिने डोळे गच्च मिटले होते, पण हात सोडला नाही.

"कापशी?" आजोबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी 'कोण?' असे विचारले नव्हते! "कशाला गं? तुला लागतो ना?"

"लागतो. हळू उघडला की कमी लागतो." मग ती रडू लागली. "आजोबा, त्या दिवशी मी शटरच्या आवाजाचं म्हटलं होतं."

"ठाऊक आहे मला. चौथ्या पायरीवरच कळलं," ते म्हणाले. "पण तोवर बस सुटली होती." आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक केले. चला.

पुढे ते माझ्यातूनच शेवटचे बाहेर गेले. तेव्हा कापशीने माझ्या फळीवर दोनदा बोट वाजवले.

मित्रांनो, ज्याला आवाज लागतो त्याच्यासाठी घर जरूर शांत करा, त्याला हसू नका. पण कोणताही आवाज बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, यावाचून तुझे काही अडेल का? आम्हा वस्तूंना तेल घाला, पण आधी आमचे ऐका.

आता कापशी मोठी झाली आहे. घर अजून मऊच आहे. दुपारी, कोणी हात लावलेला नसताना, मी कधीकधी थोडासा करकरतो. वारा असेल. परवा तिचे बाबा तेलाची कुपी घेऊन वर आले आणि म्हणाले, "तुला लागत असेल गं, घालू का?"

"राहू द्या, बाबा," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "चाहूल लागते."