शिट्टीवाल्याची उंच खुर्ची

कारखान्याच्या इस्त्री विभागात दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या असायच्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचे. धाकटीचे दिवस भरत आले होते, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तिच्याकडे बघत थोरली वाफेच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची,

वाफ जाते वर, बाई, वाफ जाते वर,
माझ्या पायांचा भार गं फरशीच्या उरावर.

सुपरवायझरच्या गळ्यात कायम शिट्टी. ती वाजली की इस्त्र्या उचलायच्या, पुन्हा वाजली की ठेवायच्या. त्यालाही बायका मागे 'शिट्टी'च म्हणायच्या. खिडकीपाशी उंच खुर्चीवर बसून तो सगळ्यांवर नजर ठेवायचा. धाकटीने त्याच्याकडे खुर्ची मागितली, तर म्हणाला, "बसायचंच असेल तर घरी बसा."

घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

सुपरवायझरचं कामगारांशी बोलणं सुधारावं म्हणून मालकांनी नाटक शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या इस्त्रीच्या टेबलांमध्येच उभ्या राहिल्या. "आज अदलाबदल. सुपरवायझर कामगार, कामगार सुपरवायझर. टाळी वाजली की नाटक सुरू. पुन्हा वाजेपर्यंत साहेब म्हणतील तसंच करायचं."

शिट्टीला गंमत वाटली. त्याने गळ्यातली शिट्टी काढून थोरलीच्या गळ्यात घातली. "घ्या, व्हा साहेब!"

टाळी वाजली. थोरली पदर सावरत उंच खुर्चीवर चढली. "अगं बया, इथून नुसत्या माना दिसतात सगळ्यांच्या. पाय दिसतच नाहीत!"

बायका खुदखुदल्या.

"बोल रे, काय हवंय?"

शिट्टीने कमरेवर हात ठेवला, पोट पुढे काढलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, पाय दुखतात हो. खुर्ची द्या ना!"

हसणं जागच्या जागी थांबलं. आवाज हुबेहूब धाकटीचा होता. धाकटीने मान खाली घातली.

थोरली खुर्चीवरून उतरली. "दिली. उचल ही खुर्ची आणि तिच्या टेबलाशी नेऊन ठेव."

"कुणाच्या?"

"जिच्या आवाजात मागितलीस तिच्या."

त्याने नाटकवाल्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलंय." मग काय, हसू ओढूनताणून तोंडावर ठेवत त्याने खुर्ची नेली.

"बस," थोरली म्हणाली.

"ताई, नको गं. उगाच..."

"साहेब सांगतोय ना? बस."

धाकटी बसली. पायांवरचा भार उतरला तसे तिचे डोळे आपोआप मिटले.

बाईंनी टाळी वाजवली. "छान! आता यातून आपण काय शिकलो?"

"झालं नाटक," शिट्टी म्हणाला आणि खुर्चीच्या पाठीला हात घातला. "उठा."

धाकटीने डोळे उघडले. टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, पण उठली नाही.

"तुमचं नाटक संपलं असेल, साहेब," थोरली म्हणाली. "तिचे पाय अजून सुजलेलेच आहेत."

"शिट्टी द्या इकडे. काम सुरू करायचंय."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. शिट्टी थोरलीच्याच गळ्यात होती आणि ती वाजल्याशिवाय इस्त्री उचलायची नाही, हा नियम त्याचाच होता. एकीनेही इस्त्रीला हात लावला नव्हता.

"वाजवते की," थोरली म्हणाली. "आधी खुर्चीवरचा हात काढा."

"उद्या गेटवर बघतो तुम्हाला."

"बघा. दोघी येणार आहोत."

"दोघीच कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं. "आम्ही काय घरी बसणार आहोत?"

शिट्टीने नाटकवाल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. एकेक बोट सुटत त्याचा हात खुर्चीवरून निघाला.

थोरलीने गाल फुगवून शिट्टी वाजवली. पहिलीच वेळ ती, सूर जरा फाटला. सगळ्या इस्त्र्या एकदम उचलल्या गेल्या, वाफ उसळली. धाकटीने बसल्या बसल्या पहिला सदरा ओढून घेतला आणि कॉलरवर इस्त्री टेकवली.

शिट्टी खिडकीपाशी उभा होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.