बाटलीतला तीळ

माझ्या मानेवरचा तीळ तमन्नाच्या नखानं दुसऱ्यांदा फाटला, तेव्हा तो काढून टाकायचं ठरलं. लेक दहा महिन्यांची. दूध पिताना तिची बोटं बरोबर तिथंच. डॉक्टर अनुजांनी जागा बधिर करून तीळ वरच्यावर कापला, औषधाच्या पाण्यात टाकला आणि बाटली माझ्या नवऱ्याच्या, तौसीफच्या हातात दिली. "लॅबमध्ये द्या." लॅब बंद झाली होती. बाटली घरी कपाटावर राहिली. दुसऱ्या दिवशी तमन्नाला ताप भरला आणि मी बाकी सगळं विसरले. तौसीफला वाटलं बाटली मी दिली, मला वाटलं त्यानं.

तीन महिन्यांनी आरशात बघते तर व्रणाच्या आत काळा ठिपका.

बी.एस्सी. झालेय, त्यामुळं घाबरायलाही मला मुद्देसूद येतं. मापासाठी शेजारी रुपया धरून रोज फोटो काढायचा, कडा बघायच्या. आठवड्याभरात फोनमध्ये लेकीपेक्षा माझी मानच जास्त. मला काही झालं तर हिला कोण बघणार, हा एकच विचार. शेवटी सगळे मिळून दवाखाना गाठला.

"मागचा रिपोर्ट बघू," डॉक्टर म्हणाल्या.

तौसीफ माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. तमन्नाला मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई, रशिदाअम्मी, खाकरल्या.

"ते मी पुरलं."

"काय?"

"मोगऱ्याखाली. जित्या माणसाचं मांस हाय ते. नखं, केस आपण मातीलाच देतो की. पोर रांगतंय घरात, आणि ते तसंच बाटलीत ठिऊ व्हय?"

"मावशी, मला विचारायचं तरी!" डॉक्टर म्हणाल्या.

"तुमी फोन उचलताय व्हय?"

डॉक्टरांना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. वरच्यावर कापल्यावर खाली पेशी राहिल्या की तीळ पुन्हा उगवतो, म्हणाल्या. बहुतेक तसंच असेल, पण तपासल्याशिवाय सांगणार नाही. या वेळी खोलवर काढला, दोन टाके पडले. बाटली त्यांनी स्वतःच लॅबला पाठवली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. अम्मींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, पण त्या आठ दिवसांत त्या दूधवाल्यावरही ओरडल्या नाहीत. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची. रागवायचं म्हटलं तरी मला रागवता येईना.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. साधा तीळ. परत आला तर दाखवा, पण घाबरू नका.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. अम्मींनी गॅस बारीक केला.

"म्हंजे माझ्यामुळं काय वाईट झालं न्हाय?"

"नाही, अम्मी."

"मग आठ दिस मला उपाशी का मारलंस?"

"तुम्हीच जेवत नव्हता!"

"तू घास भरवायचास की. शिकलेली हाईस न्हवं? वाढ आता."

मी ताट वाढलं. पहिला घास त्यांनी तमन्नाला भरवला आणि मग अशा जेवल्या, की मला पुन्हा भाकरी थापायला बसावं लागलं.