शनिवारची डाक

“हा माणूस टीम बांधत नाही, धर्मशाळा चालवतो!” असलमने हातातला पाना सायकलच्या मडगार्डवर आपटला. “बारा वर्षांत किती पोरं आणली, मोजा. टिकलं कोण? एक नाही!”

धुळ्यात पांझरेच्या काठी आमचं मैदान आणि मैदानाच्या तोंडाशी असलमचं सायकल दुकान. शहाऐंशीच्या जानेवारीत तिथे दुसरा विषयच नव्हता. आमचा फुटबॉल क्लब पहिल्यांदाच शिल्डच्या फायनलला पोचला होता, रविवारी चार वाजता मालेगावशी गाठ होती, आणि तरी मंडळी मॅनेजरवर खूश नव्हती. मॅनेजर म्हणजे जीवरामनाना बैसाणे, पोस्टमन. पोरं शोधायची, पहाटे पळवायची, अकरा नावं निवडायची, चेंडूच्या ब्लॅडरचं पंक्चरसुद्धा काढून आणायचं, सगळं नानाच करत.

“बुऱ्हाणपूरचे चार तयार गडी आणा म्हटलं, तर ऐकतील तर शपथ,” असलम म्हणाला. “यांना कोण लागतं? कापसाच्या गाड्या भरणारा, नाहीतर नापास होऊन घरी बसलेला.”

“लोटन अशाच गाडीवरून उतरवला ना त्यांनी?” सुपडू मास्तर म्हणाले. “यंदाच्या सात गोलांतले पाच त्याचे आहेत. कच्चा गडी घ्यायचा आणि घडवायचा, पद्धत हीच खरी.”

“घडवतात आणि सोडून देतात! गोली गेला, दोन्ही बॅक गेले. हा पण जाईल, बघा तुम्ही.”

मी असलमच्या बाजूचा. पोस्टात सॉर्टर, नानांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, नानांच्या डब्यातली मेथीची भाजी खाणारा, तरी दुकानात आलो की तावातावाने त्यांच्याविरुद्ध बोलायचो. जुनी माणसं टिकवल्याशिवाय टीम मुरत नाही, हे माझं पेटंट वाक्य. नाना या वादात कधी पडले नाहीत. दुकानाची पत्रं द्यायची आणि सायकल पुढे काढायची, एवढंच.

पण नानांचा स्वतःचा एक खेळ होता, तो फक्त मी पाहिलेला. दुपारी ऑफिसात सामसूम झाली की ते पत्ता न सापडलेली पाकिटं टेबलावर मांडत. एक मागे, त्यापुढे दोन, मग तीन, मग पाच. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात जिनिंगमधून उडालेले कापसाचे तंतू तरंगत असायचे. नाना डोळे अर्धवट मिटून एकेका पाकिटावर बोट ठेवत.

“हा वना, गोली. सुरतेला गेला मिलमध्ये. हे दोघं बॅक, एक भोपाळला, एक नाशकाला. अकराच्या अकरा, बठ्ठे आज इथं असते ना, बन्सी...”

आणि खरं सांगतो, मलाही दिसायचं. बारा वर्षांतली पोरं, सगळी एकाच वयाची, सगळी एकाच वेळी मैदानात. हवेत कापूस उडतोय, चेंडू या पायाकडून त्या पायाकडे जातोय आणि कसलाच आवाज नाही. मग कुठेतरी टपाली शिक्का दणकन् पडायचा आणि नाना पाकिटं गोळा करायचे.

“मग जाऊ कशाला दिलीत?” मी विचारायचो. नाना नुसते हसत. त्या पोरांचे नोकरीचे फॉर्म नानाच आणून भरून घेत, हे मला माहीत होतं. त्यातून अर्थ काढण्याइतकं डोकं मात्र मला नव्हतं.

फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, थैली उघडली आणि एक छापील कार्ड माझ्या हाताला लागलं. पोलीस भरतीचा कॉल. नाव लोटनचं. रविवारी दुपारी बारापर्यंत नागपूरला हजर.

मी कार्ड नानांपुढे ठेवलं आणि हळूच म्हणालो, “नाना, हे आज आलंच नाही समजा. सोमवारी द्या. डाक मागेपुढे होतेच. कोणाला कळतंय?”

हे बोलताना मला लाज वाटली नव्हती. आज सांगताना वाटते.

नानांनी कार्ड वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. शिल्ड त्यांना नको होती असं कोणी म्हणू नये. आम्हा सगळ्यांची मिळून जेवढी हौस होती, त्याहून त्यांची एकट्याची जास्त होती. त्यांचा हात थैलीकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. ते खिडकीकडे बघत बसले. ते तेव्हा ऑफिसात नव्हतेच. डाव्या बाजूने लोटन चेंडू घेऊन सुटलाय, मालेगावचा गोली पुढे आलाय, असलं काहीतरी बघत असणार.

मग ते उठले. “फॉर्म भरताना मीच त्याला म्हटलं होतं, कॉल आला की हातात आणून देईन.”

लोटनची वस्ती त्यांच्या फेरीत सगळ्यात शेवटी येई. त्या दिवशी त्यांनी आधी तिकडेच सायकल घातली. मला राहवेना, चहाचं निमित्त करून मीही मागोमाग गेलो.

लोटनची आई, भागाबाई, दारात तूर पाखडत होती. कॉल ऐकून तिने सूप खाली ठेवलं. “पण नाना, सकाय, रविवारले तर खेळ शे ना?”

“खेळ कुठे पळी जास, माय. भुसावळनी बस तीनले शे. दोन भाकरी बांधी दे.”

लोटन आतून आला. कार्ड बघून त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला. “माले नही जानं, नाना. फायनल सोडीसन? पुढला साल देखू भरतीनं.”

“तू टीममा नही,” नाना म्हणाले. त्यांनी खिशातून यादी काढली, त्याच्यासमोर त्याच्या नावावर रेघ मारली आणि यादी परत खिशात ठेवली. “आते थांबीसन काय करशी?”

लोटन रडला. तीनच्या बसने गेला.

परतताना नाना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. “बन्सी, हे कोणाला सांगू नको. तिकडे नापास होऊन परत आला, तर लोक म्हणतील, याच्यामुळे शिल्ड गेली. त्यापेक्षा मॅनेजरनं बसवला, एवढंच राहू दे.”

रविवारी आम्ही दोन-शून्य हरलो. डाव्या बाजूला कोणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. लोटन कुठेय म्हणून लोक ओरडत होते आणि नाना रेषेबाहेर हात मागे बांधून उभे होते. कोणी विचारलं की, “मी बसवला,” एवढंच उत्तर.

सोमवारी दुकानात असलमला पान्याचीही गरज पडली नाही, तो आवाजानेच सायकली मोडत होता. “सगळ्यात चांगला गडी फायनलला बाहेर! ही पद्धत? हे डोकं?” सुपडू मास्तरांनीही मान खाली घातली. “चुकलंच त्यांचं,” ते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण एरवी सगळ्यात जास्त मीच बोलायचो. मी समोरच्या सायकलचं पेडल उलटं फिरवत राहिलो.

तेवढ्यात नाना डाक घेऊन आले. असलम हात पुसत म्हणाला, “नाना, कमिटीनं ठरवलंय. पुढच्या साली मॅनेजर दुसरा.”

“बरं,” नाना म्हणाले. त्यांनी गठ्ठ्यातून एक पाकीट काढून त्याला दिलं. “अमिनाबीचं आहे, तुझ्या बहिणीचं. मालेगावहून. घरी लवकर दे, तुझी आई परवापासून विचारते आहे.” आणि सायकल पुढे काढली.

मार्चमध्ये नागपूरहून भागाबाईच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. उघडं कार्ड, मी वाचलंच. लोटन भरती झाला होता. जेवण बरं आहे, बूट लागतात, साहेब कडक आहेत, आणि शेवटी कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिलेलं, “आई, आपली टीम जिंकली का, ते नानांना विचारून कळव. मला सारखं तेच मनात येतं.”

नाना ते कार्ड घेऊन गेले. भागाबाईला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेटीतली डाक माझ्यापुढे आली, त्यात तिचं उत्तर होतं. अक्षर नानांचं, खाली तिचा अंगठा. शेळी व्याली, तूर चांगली झाली, तुझा फोटो पाठव. आणि त्याखाली, “नाना सांगतात, दोन-एक असे आपण जिंकलो. तू चिंता करू नको. मन लावून पळ.”

शेजारच्या टेबलावर नाना फेरीची पत्रं लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी शिक्का उचलला, तारीख स्पष्ट उमटेल असा दाबून मारला आणि ते कार्ड नागपूरच्या थैलीत टाकलं.