बस येईपर्यंतची प्रार्थना

देव ज्याला संकटातून बाहेर काढतो, त्याला एक वेगळाच आवाज देतो. टेलरमावशींना दिलेला आवाज चालू शिलाई मशीनच्या खडखडाटावरही ऐकू जातो. चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी प्रार्थना सुरू केली की बाहेर भिंतीला टेकून पडलेलं कुत्रं उठून दुसरीकडे जातं.

मावशींचं संकट म्हणजे त्यांचा नवरा. त्याने मोडलेला डावा हात अजून कोपरात पुरता सरळ होत नाही. त्या घरातून निघाल्या तेव्हा काखेत मशीनचं मुंडकं होतं आणि पायांत काही नव्हतं. चर्चचे पाळकसाहेब देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभं करतात तेव्हा मावशी हे सगळं सांगतात, पण दर वेळी शेवटी "मशीनचा पट्टा तेवढा तिथेच राहिला, नवीन घ्यावा लागला" असं जोडतात. त्यामुळे रुमाल काढायचा की हसायचं, हे मंडळीला कधी ठरवताच आलेलं नाही.

त्यांनी बायकांसाठी जे मंडळ काढलं त्याचं नाव 'शिवण व प्रार्थना'. या दोन्हींत धोका आहे असं कुठल्याच नवऱ्याला वाटत नाही. ते बायकोला सोडायला येतात, न्यायला येतात, काही तर दाराशीच उभे राहतात. म्हणून मावशींनी एक पद्धत पाडली. कामाचं जे काही असेल ते प्रार्थनेतच बोलायचं, डोळे मिटून.

"हे प्रभू, या लेकीला सुबुद्धी दे, की तिने आपली कागदपत्रं सासूच्या ट्रंकेतून काढून नर्सबाईंच्या कपाटात ठेवावीत, खालच्या कप्प्यात, स्वेटरांच्या मागे."

नवीन आलेल्या एकीने विचारलं होतं, "मावशी, देवाला हे सगळं माहीत नसतं का?"

"देवाला असतं गं," मावशी म्हणाल्या. "तुला नसतं."

मंडळात सगळ्यांत लहान म्हणून जिला धाकटी म्हणत, ती चष्मेवाल्याची बायको. चष्मेवाला म्हणजे सोन्यासारखा माणूस. म्हाताऱ्यांच्या काचा फुकट पुसून देतो, बोलताना आवाज कधी चढवत नाही. धाकटीने भर उन्हाळ्यात चार कपडे शिवायला टाकले आणि चारही पूर्ण बाह्यांचे सांगितले, तेव्हा मावशींनी माप घेता घेता बाही वर सरकवली आणि टेप खाली ठेवली.

पाळकसाहेबांनी तिला धीर धरायला सांगितलं होतं. पाळकसाहेब सगळ्यांनाच धीर धरायला सांगतात, गळणाऱ्या छपरालासुद्धा.

ठरलं असं की मंडळाच्या दिवशी, दुपारच्या बसने, धाकटीने बहिणीच्या गावी निघायचं. बॅग मागच्या दाराशी, पडद्यांच्या कापडाच्या ताग्याखाली. मावशी प्रार्थनेत 'वाट' म्हणाल्या की उठायचं. चष्मेवाला नेहमीसारखा दुकानात असणार.

पण चष्मेवाल्याला चर्चच्या कमिटीवर जायचं होतं. त्यामुळे नेमका त्याच दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पाळकसाहेबांना घेऊन, भगिनींची सेवा पाहायला आला. दोघं मागच्या बाकावर बसले.

धाकटी सुईत दोरा ओवण्याच्या निमित्ताने मावशींजवळ सरकली. "आज नाही तर कधीच नाही, मावशी. उद्या मला त्याच्या आईकडे नेऊन ठेवणारे. तिथे फाटकाला कुलूप असतं."

"मग आजच," मावशी म्हणाल्या. "दोरा जरा थुंकीने ओला कर आणि गप बस."

त्या उभ्या राहिल्या. "सर्वांनी डोळे मिटावेत. भाऊंनीसुद्धा."

पाळकसाहेबांशेजारी बसून डोळे उघडायची हिंमत कमिटीचा कुठलाच उमेदवार करणार नाही, एवढ्यावर सगळी मदार होती.

"हे प्रभू," मावशींनी सुरुवात केली, "ज्या लेकीला तू वाट दाखवली आहेस..."

मागच्या दारावरचा पडदा हलला. दार किंचित कुरकुरलं. मावशींनी तेवढ्यापुरता आवाज वाढवला आणि सगळ्या राष्ट्रांना आशीर्वाद दिला.

मशीनच्या वरच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. मावशींनी एक डोळा उघडून पाहिलं. धाकटी थांब्यावर उभी होती, बॅग छातीशी धरून, भर रस्त्यावर. बसचा पत्ता नव्हता.

आता थांबायची सोय उरली नाही. मावशींनी राष्ट्रांनंतर राष्ट्रप्रमुख घेतले. मग पूरग्रस्त, मग दुष्काळग्रस्त. मग जे लोक ब्लाउज शिवायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, त्यांच्यासाठीही क्षमा मागितली, जरा दात ओठ खाऊनच. घसा कोरडा पडला तशी त्यांनी नर्सबाईंना कोपराने ढोसलं.

नर्सबाई रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना धरली आणि डोक्यापासून सुरू करून एकेक अवयव घेत खाली निघाल्या. पोटातल्या पांथरीपाशी आल्यावर मागच्या बाकावरून एक खोल, जड श्वास ऐकू आला.

"हलला वाटतं आतून," शेजारी बसलेली बेकरीवाली पुटपुटली.

"हलू दे. डोळे उघडू नकोस," मावशी दातांतून म्हणाल्या. मागे वळून बघायचा धीर त्यांनाही नव्हता. त्याची नजर भिडली तर संपलंच. पूर्वी नवऱ्याच्या अशाच नजरेला घाबरून त्या दाराच्या कडीवरचा हात काढून घ्यायच्या. एकदा नाही, कितीदा तरी.

थांब्यावर धाकटी रस्त्याकडे बघत होती, मग खिडकीकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. तिचा एक पाय परत फिरल्यासारखा वळला.

"हे प्रभू, तिला तिथेच उभी ठेव!" नर्सबाईंची प्रार्थना गुडघ्यांपर्यंत आली असताना मावशी मधेच ओरडल्या.

"आमेन," नर्सबाई दचकून म्हणाल्या.

"आमेन नका म्हणू! अजून झालं नाही!"

बेकरीवालीने उडी घेतली. तिला मोठ्याने प्रार्थना करायची सवय नव्हती. तिने यीस्टसाठी प्रार्थना केली, भट्टीच्या दारासाठी केली, दिराच्या मुलाला गणितात पास कर म्हणाली, आणि मग काहीच सुचेना तेव्हा पावांचे प्रकार एकामागून एक देवाला सांगू लागली.

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. बसचा लाल पत्रा आला आणि थांब्यासमोर आडवा उभा राहिला. काही दिसेना. मग पत्रा हलला, आणि थांब्यावर कोणी नव्हतं.

"आमेन," मावशी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्याच. मोडका हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

मागच्या बाकावरून काही आवाज आला नाही. शेवटी मावशी मागे वळल्या.

पाळकसाहेब ताठ बसले होते, जाग्यावरून न हलता. चष्मेवाल्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, तोंड उघडं होतं, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"ती कुठे गेली?" पाळकसाहेबांनी धाकटीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हळूच विचारलं.

"बहिणीकडे. परत येणार नाहीये."

पाळकसाहेबांनी खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मी तिला धीर धर म्हणालो होतो," ते म्हणाले.

"धरला की तिने. आत्ता, थांब्यावर."

पाळकसाहेबांनी खांदा थोडा वर केला, म्हणजे डोकं घसरू नये. "बस पुढच्या गावापर्यंत जाऊ दे," ते म्हणाले. "मी बसतो असाच."

"पाळकसाहेब," नर्सबाईंनी बसक्या आवाजात विचारलं, "हे झोपले कधी?"

"मावशी 'हे प्रभू' म्हणाल्या ना, तेव्हाच."