कॉलरखालची गाठ

मी एक गाठ. शिंप्याच्या मानेत, कॉलरच्या जरा खाली माझं बिऱ्हाड. माझ्यासारख्या गाठी तुमच्याही मानेत, काखेत आहेत. सगळं ठीक असलं की आमची कुणी चौकशी करत नाही.

माझं काम चौकीचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी येता-जाता माझ्याकडे टेकतात. आत बारीक जाळं आहे. आलेला जंतू त्यात धरायचा, पेशींना दाखवायचा, की त्या लढायला निघतात. त्यांतल्या मदतनीस पेशी म्हणजे मुकादम. त्यांनी हाक दिल्याशिवाय बाकीच्या हलत नाहीत.

मग एचआयव्ही आला. कुठून, ते नवरा-बायकोचं त्यांचं. मी त्यात पडत नाही. सवयीने मी त्याला जाळ्यात धरलं, आणि तिथेच फसले. त्याला मुकादमच हवे होते, आणि ते रोज त्याच जाळ्यापाशी यायचे. तो त्यांच्यात शिरायचा. ते मरायचे, शेजारचे मरायचे, त्या गोंधळाने आणखी पेशी धावून यायच्या. मी फुगले. दुखत मात्र नव्हते.

शिंप्याची कॉलर लागेना.

"कापड आटलंय. बटण सरकव जरा."

काजं-बटणं बायकोकडे. तिने सरकवलं. "अहो, सगळेच शर्ट एकदम कसे आटले?"

"एकाच ताग्यातले ना. तू बटण लाव."

एकदा दाढी करताना मी त्याच्या हाताला लागले, पण दुखत नाही म्हणून त्याने सोडून दिलं. वर्षं गेली. माझं जाळं फाटलं, जागोजागी वण धरले, पेशींना टेकायला जागा उरेना. मी आक्रसले. शिंपी खूश.

"बघ, गाठ गेली. बटण पहिल्या जागी घे."

तिने सुई घेतली नाही, टेप घेतला. गळा मोजला, मग खांदे, मग छाती.

"गाठ कुठली, तुम्हीच उतरलात. जगाची मापं घेता, स्वतःचं घ्यायला कुणी हात धरला होता?"

"काम पडलंय गं."

"पडू दे. चपला घाला."

दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं. तिचं स्वच्छ निघालं. त्याचे मुकादम थोडेच उरले होते. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता बटणांच्या डबीशेजारी गोळ्यांची डबी असते.

"घेतलीत?"

"घेतली."

"जीभ दाखवा."

तो दाखवतो.

रक्तात आता तो विषाणू सापडत नाही. माझ्या एका कोपऱ्यात मात्र दडून आहे. गोळ्या थांबल्या की उठेल. माझे वण काही गेले नाहीत. पण उरल्या जागेत पेशी पुन्हा टेकायला लागल्यात.

तुमची कॉलर घट्ट झाली, तर बटणाच्या आधी मानेला हात लावा. आणि आपोआप सैल झाली, तर नक्कीच लावा.