आसनावरचा गुराखी

राजा जन्मावा लागतो, तो करता येत नाही. आमच्या डोंगरांतलं हे सगळ्यात पवित्र सत्य. म्हणूनच राजा गेला की त्याचे सगळे मुलगे एकमेकांना भाल्याने भोसकतात. उरेल तो जन्मलेला.

हे उरकेपर्यंत आसन रिकामं ठेवता येत नाही, म्हणून एखादा गुराखी बसवतात. जिंकलेला राजपुत्र परतला की आधी त्या गुराख्याचा गळा आवळायचा आणि मग राजनगारा वाजवायचा. नगाऱ्याला रोज दूध दाखवायचं काम माझं. माझ्या हयातीतलं हे तिसरं युद्ध. आधीचे दोन्ही गुराखी मी पाहिले. नावं आता आठवत नाहीत.

या खेपेला कामुगाशा होता.

"महाराज, दूध."

"काका, महाराज म्हणू नका, मान दुखते. काही निरोप?"

"दोघे उरलेत म्हणे."

"दणकट आहेत ना? माझी तांबडी गाभण आहे हो. वासरू बघून गेलो असतो."

वासरू झालं. चौथ्या दिवशी बिशाका राजपुत्र जिंकून आला, डोलीतून. पोटातली जखम सडली होती. त्याच्या हातात दोरी दिली. त्याने ती धरली, पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधी मेला.

कामुगाशा आसनावरून दोरीकडे बघत राहिला. म्हातारे सरदार एकमेकांकडे बघत राहिले.

"दुसरा कोणी?"

"सगळे संपले."

"हा बसलेला तरी आहे."

"बसलाय खरा, पण रक्ताचं काय?"

"याची आई इथे दूध घालायची ना? थोरले महाराज दूध प्यायचे?"

"प्यायचे की."

"मग झालं तर!"

दुपारपर्यंत त्याच्या सात पिढ्या सापडल्या. मीही त्या सगळ्यांबरोबर म्हटल्या. गुडघे दुखत होते, कधी एकदा बसतो असं झालं होतं.

"अहो, मला कोणी विचारलं का?" कामुगाशा म्हणाला.

"राजाला कोण विचारतं!" सरदारांनी त्याच्या हातात नगाऱ्याची काठी दिली. त्याने दोरीवरची नजर न काढताच नगारा वाजवला.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. राज्य बरं चाललंय. तांबडीच्या त्या वासराचीही आता म्हातारी गाय झाली.

कामुगाशाला नऊ मुलगे आहेत.