भिंतीपलीकडच्या दोन खोल्या

मी बाक आहे, पण माझ्यावर कुणी बसत नाही. गुडघे टेकतात. एका सुतारानं मला मुलीच्या लग्नात भेट म्हणून बनवलं, बुटका आणि दोघं मावतील एवढा रुंद. वर जाड गादी ठोकली.

मुलीचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. माणूस प्रेमळ, पण हौशी. रोज सकाळी माझ्यावर गुडघे टेकायचा आणि दुकानात माल मागवावा तशी प्रार्थना करायचा. देवबापा, मला मोठा टीव्ही हवा. मला गाडी हवी, पांढरी मिळाली तर बरं. आभार तो घाईत मानायचा, आमेन आणि चप्पल एकदमच.

मागितलेलं बरंचसं मिळालं. व्यायामाचं यंत्र आलं, त्याच्यावर कपडे वाळू लागले. नव्या वस्तूंची खोकी पार माझ्याजवळपर्यंत रचली गेली. मग घरच अपुरं वाटू लागलं.

भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत काकू राहायच्या. एकट्याच, एके काळी मुलांना गाणं शिकवायच्या. घरमालक चष्मेवाल्याला म्हणाला, त्यांना हलवतो, मधली भिंत पाडून घ्या. त्या दिवसापासून प्रार्थना बदलली. तो म्हणायचा, "प्रभू, मार्ग मोकळा कर." कुणाचा मार्ग, कुठे जायचा, ते तो बोलायचा नाही. बायकोलाही त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याची झोप मात्र उडाली होती. माझ्यावर टेकलेले गुडघे सारखे चुळबुळायचे.

एका रविवारी काकूंना जिने उतरवेनात, चर्चला जाणं जमलं नाही. बायकोनं त्यांना संध्याकाळी आमच्याकडेच प्रार्थनेला बोलावलं. खोकी बाजूला सारून माझ्यापाशी जागा केली. दुखरे गुडघे सांभाळत काकू हळूच टेकल्या. शेजारी तो.

काकूंनी डोळे मिटले. "प्रभू, या लेकाला जागा पुरत नाही. माझ्या खोल्या त्याला मिळू देत. मला कुठंतरी तळमजल्यावर एक खोली बघ. आणि त्याला शांत झोप दे, चेहरा पार उतरलाय त्याचा."

आमेन बायकोनं म्हटलं. त्यानं डोळे उघडून काकूंकडे पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं विचारलं, "काकू, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरमालकानं. राग नाही रे माझा. तुझाही संसार आहे."

तो तसाच टेकलेला राहिला. "मी तुमचं घर मागत होतो," तो म्हणाला. "देवाकडे. रोज."

काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. मग त्यानं तिथूनच मालकाला फोन लावला आणि भिंत राहू दे, काकूही राहू देत, असं स्वच्छ सांगितलं. मालक कुरकुरला, पण मानला. काकूंइतका बिनतक्रार भाडेकरू त्याला तरी कुठे मिळणार होता? फोन ठेवून चष्मेवाल्यानं असा सुस्कारा सोडला की बायकोला हसू आलं. त्या रात्री तो घोरला. ते ऐकून मलाही हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात यंत्र एका दवाखान्याला गेलं, खोकी ज्यांना उपयोग होता त्यांच्याकडे. घर तेवढंच, पण आता त्यात चालता येतं.

तो संत झालेला नाही. परवाच प्रार्थनेत कॅमेऱ्याचा विषय निघाला, आणि अर्ध्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. मग बायकोच्या दुखऱ्या कंबरेचं, दुकानातल्या कामगाराच्या आजारी आईचं, काकूंच्या जिन्याचं बोलून झालं. हल्ली तो थोडा वेळ काहीच मागत नाही. नुसता टेकून राहतो. मला ते फार आवडतं.

माझा एक पाय आता डुगडुगतो. गादी मधोमध खचली आहे. दोघं एकदम टेकले की मी करकरतो. मला दुरुस्त करायचं तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं तर जरूर करा. फक्त खिळे आणायला निघालात की शेजारचं दार वाजवून विचारा, तिकडे काही हवंय का.